भागीबाईची सही

॥ श्री ॥

आंबेपाडा, ता. पेठ
१९ जानेवारी १९९८

चि. तृप्ती हीस आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र माझ्या हातानं लिहिलेलं हाय. राजूला विचारून नाय, कुणाला दाखवून नाय. सात महिने साक्षरतेच्या वर्गात बसले त्याचं हे पीक. मास्तर म्हणतो, भागीबाई, तुमचं अक्षर पोस्टमनपेक्षा चांगलं. आता पोस्टमनचं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकरलेलं अंगण, तेव्हा फुगण्यासारखं काही नाय. तरी मी फुगले.

तुझे आईबाप द्राक्षाच्या कामाला पिंपळगावाकडं गेलेत, होळीशिवाय यायचे नाय. म्हणून तुझं काय असंल ते मलाच बघायचं. तुझ्या चुलतभावाचं, राजूचं लग्न सतरा फेब्रुवारीला धरलंय. नवरी उंच हाय आणि राजू बुटका. फोटोसाठी त्याला पाटावर उभा करावा लागंल. तुला दोन दिवस सुट्टी पाहिजे म्हणून तुमच्या मोठ्या सिस्टरला मी कालच पत्र टाकलं. खाली ठसठशीत सही केली, भागीबाई बुधा भोये. तीनदा पाटीवर काढून मग कागदावर उतरवली. कळू दे तुझ्या कॉन्व्हेंटला, तृप्तीची आजी अंगठेबहाद्दर नाय.

मागल्या खेपेला तू सांगितलंस की तुझ्या अभ्यासावर सगळ्या बाया खूश आहेत. ऐकून बरं वाटलं. खरं वाटलं नाय.

थंडीचं कान बांधत जा, आणि म्हातारीवरची माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी आजी


नाशिक
२४ जानेवारी १९९८

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

आजी, तुझ्या चांगल्या अक्षरानं माझा घात केला गं.

आता माझी येणारी-जाणारी पत्रं सिस्टर आधी वाचतात, म्हणून हे मी मीनाजवळ देते आहे. ती माझ्या वर्गातली, पंचवटीतून रोज ये-जा करते. उत्तर तिच्याच पत्त्यावर पाठव, पाकिटावर लिहिला आहे.

आता शांतपणे ऐक. आम्हाला शाळेचं कॅलेंडर असतं. म्हणजे छोटी वहीच. मुलीनं काही केलं की टीचर त्यात इंग्रजीत शेरा लिहितात आणि घरच्यांनी खाली सही करायची. आठवीपासून मला सात शेरे मिळाले. सातही सह्या तुझ्या आहेत, पण केल्या मी. डाव्या हातानं. मोठ्या सिस्टर बेनेडिक्टांना मी सांगितलं होतं की माझी आजी आत्ताच लिहायला शिकते आहे, तिचा हात कापतो. त्यांना इतकी दया आली की त्यांनी प्रार्थनेत तुझं नाव घेतलं.

आणि आता तुझं पत्र आलं, मोत्यासारखं. सिस्टरनी ते कॅलेंडरशेजारी ठेवलं आणि मला ऑफिसात बोलावलं. त्यांना काय वाटलं माहीत आहे? कॅलेंडरातल्या सह्या खऱ्या आणि तुझं पत्र खोटं! मी सुट्टीसाठी कुणा मोठ्या मुलीकडून ते लिहून घेतलं, असं त्या म्हणाल्या. बिचारी म्हातारी असं लिहूच शकणार नाही, असंही म्हणाल्या. मला हसू येत होतं, ते खोकल्यात दडवलं.

एक फेब्रुवारीच्या रविवारी तुला बोलावलं आहे. त्यांच्यासमोर सही करायची. लबाडी निघाली तर शाळा सोडल्याचा दाखला त्याच दिवशी हातात. आपल्या गावात सातवीपुढे वर्ग नाही, पेठच्या वसतिगृहात वर्षाच्या मध्ये घेत नाहीत. मग मी आईबाबांबरोबर द्राक्षंच खुडणार. आजी, मला इथंच दहावी करायची आहे. खरंच करायची आहे.

तेव्हा माझ्यासारखी वाकडी सही कर, आणि सुट्टीचं पत्र तू मास्तरकडून लिहून घेतलंस असं सांग. नमुना सोबत जोडला आहे. गिरवून ठेव.

रागाव, पण ये.

तुझी लाडकी (अजून असेन तर)
तृप्ती


आंबेपाडा
२८ जानेवारी १९९८

चि. तृप्ती हीस,

आशीर्वाद या खेपेला राखून ठेवलेत. रविवारी बघू.

गाढवे, नमुना पाहिला. ही माझी सही? तुझा आजा ताडी पिऊन बाजारातून यायचा, तोसुद्धा इतका वाकडा चालला नाय. तो भ पालथा पडलाय आणि त्याचा काना त्याला सोडून पळालाय. दोन वर्षं तू मला त्या सिस्टरपुढं लुळी करून ठेवलीस आणि ती माझ्यासाठी देवाला हाका मारती. देव म्हणत असंल, ही भागीबाई तर काल वाण्याशी भांडत होती.

काढले वाकडे धडे काल दिवसभर. सरळ काढण्यापेक्षा वाकडं काढायला जास्त कष्ट पडतात, हे तुझ्यामुळं कळलं. सात महिने मास्तरनं हात सरळ केला, तो तू एका पाकिटात मोडलास. राजूनं विचारलं काय करती, तर म्हटलं तुझ्या नवरीला मेंदीची नक्षी काढती. त्याला पटलं. त्याला सगळं पटतं, म्हणून तर लग्न ठरलं.

मी पहिल्या एसटीनं येते. माझी एक अट हाय. ते सात शेरे काय ते मराठीत, एकही न गाळता, तोंडानं सांगायचे. मी सही करणार तर काय गिळते ते मला कळलं पाहिजे.

केस नीट विंचरून, तोंड बंद ठेवून उभी राहा. बाकी प्रेम वगैरे तुला ठाऊक हाय.

आजी


नाशिक
४ फेब्रुवारी १९९८

आदरणीय भागीबाई यांना,
सप्रेम नमस्कार वि. वि.

माझी मातृभाषा कोंकणी, मी मंगळूरकडची. मराठीत चूकभूल झाल्यास क्षमा असावी.

रविवारी आपण ऑफिसात बसून माझ्यासमोर सही केलीत. जीभ दातांत धरून, फार कष्टाने. ती कॅलेंडरातील सह्यांशी तंतोतंत जुळली, आणि सुट्टीचे पत्र आपण मास्तरांकडून लिहून घेतले असे म्हणालात. मला माझ्या संशयाची लाज वाटली. मी चहा मागवला. तो आपल्याला आवडला नाही, हेही आपण सांगितलेत.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे मी फाटकावरची वही तपासली. आमचा वॉचमन झुंबर प्रत्येक पाहुण्याकडून ती भरून घेतो. त्यात सुंदर, टपोऱ्या अक्षरात लिहिले होते: भागीबाई बुधा भोये, आंबेपाडा. कोणास भेटणार, मोठी सिस्टर. काम, तिचा संशय मोडणे. झुंबर म्हणाला की आपण त्याच्या हातातून पेन ओढून घेतलेत आणि त्याचे अक्षर पाहून त्याला बोललातही.

मी तृप्तीला बोलावले. मी खुर्चीत बसण्याआधीच तिने सर्व सांगून टाकले, सातही सह्या, डावा हात, नमुनासुद्धा. प्रार्थनेत हसणे व इतरांना हसवणे यांबद्दलचे शेरे मी सोडून देते. बीजगणितात चाळीसपैकी नऊ, हा सोडता येत नाही.

दाखला मी लिहून ठेवला होता. तो फाडला आहे. ती दहावी येथेच करील. मात्र वार्षिक परीक्षेपर्यंत रोज एक तास माझ्यासमोर बसून बीजगणित, आणि रविवारचा खेळ बंद.

शिक्षा दोघींना आहे, कारण लबाडी दोघींची आहे. पुढील वाक्य प्रत्येकीने पन्नास वेळा लिहावे: "मी यापुढे खोटी सहि करणार नाही." तृप्तीची पन्नास झाली. आपली पोचली की लग्नाची रजा मंजूर करीन. आधी नाही.

प्रभू आपणास निरोगी ठेवो.

आपली नम्र,
सिस्टर बेनेडिक्टा


॥ श्री ॥

आंबेपाडा
९ फेब्रुवारी १९९८

मोठ्या सिस्टरबाईंस भागीबाईचा रामराम. वि. वि.

तुमच्या नावापुढं सौ. लिहावं तर नवरा दिसला नाय, कु. लिहावं तर केस पिकलेले दिसले. म्हणून नुसतं लिहिते, राग मानू नये.

पोरीचा दाखला फाडलात, हे चांगलं केलंत. बीजगणिताचा तास एक नाय, दोन करा. ती रडली तरी पाघळू नका, रडणं तिला डाव्या हातानंही जमतं. चहाचं बोलले ते बोलले. पोरीबरोबर गवती चहाची जुडी पाठवीन, ती टाकून बघा.

आता शिक्षेचं. माझं नाव, माझा हात, माझा घाम. मग सही खोटी कशी, हे मला अजून कळलं नाय. मास्तरला विचारलं, तर तो डोकं खाजवत घरी गेला. पण लग्न तोंडावर हाय आणि करवली तुमच्या कपाटात अडकलीय, म्हणून पन्नास ओळी लिहिल्या. सोबत जोडल्यात, मोजून घ्या. भात करपला तो वेगळा.

लिहिता लिहिता तिसऱ्या ओळीला हात थांबला. सिस्टरबाई, तुम्ही सहीतल्या ह ला पहिली वेलांटी दिलीय. शेवटच्या अक्षराची वेलांटी दुसरी, हे आम्हा म्हाताऱ्यांना दुसऱ्याच महिन्यात शिकवलं. मी पन्नासच्या पन्नास ओळींत नीट करून घेतलीय. पण मी नीट केल्यानं तुमची चूक कशी जाईल?

म्हणून एक कोरा कागद पाठवते. पट्टीनं रेघा आखून दिल्यात. त्यावर 'सही' हा शब्द दहा वेळा लिहावा आणि तृप्ती लग्नाला येताना तिच्याबरोबर द्यावा. आधी लिहा, मग तिला सोडा, म्हणजे विसरायचं नाय.

नातीवर डोळा आणि माझ्यावर लोभ, दोन्ही ठेवा.

भागीबाई बुधा भोये

ता. क. कागदाच्या खाली घरच्या कुणा मोठ्या माणसाची सही आणावी.