पहिल्या तासाची झोप

प्रिय धाकट्या,

आत्ता माझ्यासमोर अख्खा वर्ग झोपलाय. खिडक्यांना जुन्या चादरी लावल्यात, त्यातून दुधाळ उजेड येतोय. पंखा कुरकुरतोय. मघाशी कुणीतरी झोपेत हसलं. कोण ते मी शोधत बसले नाही, ज्याचं हसू त्याच्यापाशी.

माझ्या वर्गाचा पहिला तास झोपेचा, हे शिक्षण खात्यातल्या तुझ्यासारख्या साहेबाच्या कानावर आलं असेलच. शाळा आहे की धर्मशाळा, असं आमच्या मुख्याध्यापिकाबाई विचारतात. हा तास राहतो की जातो, याचा मला घोर लागलाय. गणितात आमची मुलं टेकडीवरच्या शाळेच्या कितीतरी मागे. जादा तास झाले, सराव झाला, पण मुलं फळ्याकडे बघत पेंगतच राहिली. मग एकदा खिडकीजवळची पोर दिसली. डोळे मिटलेले, मान ताठ आणि उजवा हात मागेपुढे हलतोय. झोपेतही ती पाळण्याची दोरी ओढत होती. घरी एकच खोली, भाऊ तान्हा, आई रात्रपाळीला. पहाटे आई परतली की पोरीने उठायचं आणि त्याच अंथरुणावर आईने पाठ टेकायची. तिला हाक मारायचा माझा धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी मी सतरंज्या आणल्या.

उठल्यावर आधी ज्याने त्याने आपलं स्वप्न सांगायचं, असा आमचा रिवाज आहे. परवा एकाच्या स्वप्नात भागाकार आला आणि बाकी शून्य उरली, म्हणून स्वारी दिवसभर हवेत. मग गणित. त्या पोरीला हातचा आता आपसूक आठवतो. टेकडी अजून लांब आहे, खोटं कशाला बोलू, पण चाचणीगणिक थोडी जवळ येतेय.

आपण निजलो की आई शिलाई मशीन उचलून जिन्यात न्यायची, आवाजाने आपल्याला जाग येऊ नये म्हणून. थंडीत तिची बोटं आखडायची. सगळे म्हणतात, तू मुळातच हुशार. होतासच की, पण तू रोज पोटभर झोपलेलाही होतास. सतरंज्या अंथरताना एके दिवशी हे एकदम लक्षात आलं आणि मला रडू आवरेना.

काल तुमच्या कार्यालयाचा आदेश आला. मागे पडलेल्या वर्गांनी सोमवारपासून पहिल्या तासाला जादा गणित घ्यायचं, झोपेचा तास बंद, आणि न ऐकणाऱ्या शिक्षकाची बदली. खाली तुझी सही. वाईट वाटलं, पण राग नाही आला. तुझ्या टेबलावर नुसते गुण येतात, त्या गुणांबरोबर मुलांच्या जांभया कशा येतील? धाकट्या, मी हा आदेश पाळणार नाही. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून लिहितेय. बहीण म्हणून माझी गय करू नकोस. बदली करायचीच असेल तर खुशाल कर, पण नुसता कागद धाडू नकोस. सोमवारी पहिल्या तासाला तू स्वतः ये, चपला दाराशी काढ, आणि या मुलांना तूच उठव.

तुझीच, पण तुझं न ऐकणारी,
ताई