सरवा वेचणाऱ्या तिघी

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण माझा राग काही तुमच्याबरोबर गेला नाही. तो मी नीट जपून ठेवला आहे. रविवारी सकाळी नवीन पनवेलच्या एका वाचनालयात मी लोकांना जुनी, जगप्रसिद्ध चित्रं दाखवते, त्यांच्यामागच्या गोष्टी सांगते. वर्षातून एकदा तरी तुमचं ते चित्र मुद्दाम काढते. कापणी झालेलं शेत, पुढे वाकलेल्या तीन बायका, लांब मागे धान्याच्या गंज्या आणि भरलेली गाडी. मग तुम्ही आम्हाला त्याचा काय अर्थ शिकवला होतात ते सांगते. नाव घेत नाही, पण तपकिरीची डबी आणि बाहीवरची खडूची पूड एवढं म्हटलं की गावातल्या जुन्या मंडळींना पुरतं. लोक हसतात आणि मला बरं वाटतं.

आठवीचा वर्ग, चित्रकलेचा तास. कुठल्याशा परदेशी कॅलेंडरातून कापलेलं ते चित्र तुम्ही फळ्यावर टाचलं होतंत. या स्त्रिया धरणीमातेला वंदन करत आहेत, ही श्रमाची पूजा आहे, लिहून घ्या, असं तुम्ही म्हणालात. सगळा वर्ग खाली मान घालून लिहितो आहे आणि मला राहवत नाही. मी हात वर करते. सर, त्या वंदन नाही करत, सरवा वेचतायत. शेत त्यांचं नाही. कापणीनंतर ज्या लोंब्या सांडून राहतात त्या गोळा करतायत. ती डावीकडची बघा, वेचलेलं मुठीत धरून हात पाठीवर ठेवलाय तिने, कंबर दुखते म्हणून. आणि तो मागे, अगदी बारीक, घोड्यावर बसलेला माणूस, तो लक्ष ठेवायला आहे. तुम्ही चष्मा काढून चित्राजवळ गेलात. तो घोडेस्वार तुम्ही तोवर पाहिलाच नव्हता, हे मला तुमच्या पाठीवरूनही कळलं. मग वळलात आणि विचारलंत, तुला कसं ठाऊक? आणि शेवटी ते वाक्य बोललात, "म्हणूनच तुला खाली पडलेलं बरोबर दिसतं." वर्ग असा हसला की शेजारच्या वर्गातल्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. शाळा सुटेपर्यंतची पुढची तीन वर्षं माझं नाव सरवा होतं. बाकी, मी सांगितलेला अर्थ बरोबर होता हे तुम्ही कधीच कबूल केलं नाहीत. परीक्षेत तोच प्रश्न घातलात, मी माझंच उत्तर लिहिलं, आणि तुम्ही त्यावर लाल काट मारलीत.

गेल्या रविवारी तुमच्या आठवणीत शाळेने कार्यक्रम ठेवला. माजी विद्यार्थिनी म्हणून मला बोलावलं, विषय मला हवा तो घ्यायला सांगितला. मी तेच चित्र घेतलं. पहिल्या रांगेत काकू बसल्या होत्या, तुमचे मुलगे, सुना, सगळे. या वेळी मी तुमचं नाव घेतलं. तुमची ती श्रमाची पूजा सांगितली, चष्मा काढलात ते सांगितलं. मग म्हणाले, सरांनी विचारलं तुला कसं ठाऊक, तेव्हा मी ताठ उभी राहिले आणि म्हणाले, माझी आई वेचते सर, तुमच्याच शेतात. सभागृहभर टाळ्या. तुमच्या थोरल्या मुलाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. पाहून घेतला मी, मनसोक्त. त्या शेतावर आता चौदा मजले उभे आहेत आणि तिथे एक फ्लॅट माझाही आहे, हेही सांगून टाकलं.

नंतर काकू काठी टेकत आल्या. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "त्यांच्या वतीने मी माफी मागते. भर वर्गात आईचं नाव घ्यायला तू भ्यायली नाहीस." आमच्या वर्गातली एक मैत्रीण शेजारीच होती. ती म्हणाली, हो ना, मी होते तिथे, मला अजून आठवतंय. तिला काहीही आठवत नाही. मी इतक्यांदा सांगितलंय की तिला तेच खरं वाटतं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही म्हणूनच लिहिते. तुम्ही विचारलंत तेव्हा मी म्हणाले होते, शेजारच्या बायका वेचतात सर, मी बघितलंय. तुम्ही म्हणालात, शेजारच्या कशाला, तुझी आईच येते की आमच्या शेतात. मी नाही म्हणाले. दोनदा नाही म्हणाले. मग तुमचं ते खाली पडलेलं दिसण्याचं वाक्य आलं. त्यासाठी मी तुम्हाला माफ करणार नाही, आणि लोकांना यापुढेही माझंच सांगणार आहे.

आठवीतल्या त्याच दिवशी संध्याकाळी शाळेतून घरी गेल्यावर आईलाही मी तेच सांगितलं, की वर्गात उठून तुझं नाव घेतलं. तिने भाकरी थापता थापता माझ्याकडे बघितलं. "बरा केलास. त्यान लाजाचा काय हाय, आपुन चोरी नाय करत," म्हणाली, आणि पहिली भाकरी मला वाढली. ती ते खरं धरूनच गेली. खरं काय ते आठवणारे फक्त तुम्हीच उरला होतात सर, आणि तुम्ही गेल्याचं कळलं त्या दिवशी मला सुटल्यासारखं वाटलं.