बेटावरचं उघडं दार

बोस्टन, १९ मार्च

लाडक्या नोरास,

तुझ्या थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. गुडघे सोडले तर मी खुशाल आहे. तू विणलेले मोजे आत्ता पायांतच आहेत. तुझ्या लेकीचा, शीलाचा फोन आला होता. गॉलवे शहरात तिने तुझ्यासाठी खोली तयार ठेवलीय, पण आई बेटावरून हलत नाही, म्हणाली. त्याचं मागाहून लिहिते.

इथे आपल्या आयरिश सिनेमांचा महोत्सव भरलाय. बाहेर बर्फ, आत ओल्या लोकरीचा वास आणि सगळी आपलीच माणसं. काल केरी परगण्यातल्या पॅट्सीबरोबर गेले. दिवे मालवले, आणि पडद्यावर आपला बोटींचा धक्का आला गं! आपली आई असताना बेटावर शूटिंगवाले आले होते ना, तोच सिनेमा. आई होती, डोक्यावरून शाल घेतलेली. वाटलं, हाक मारली तर वळून बघेल.

मग तो मयताच्या घरातला प्रसंग, आपल्या रीतीने मयत घरी निजवून रात्रभर जवळ बसतात तो. मेणबत्त्या, पलंग, उशाशी आई, आणि पलंगावर मेलेल्याचं सोंग घेतलेला आपला कोलम! नाकावर माशी बसली, आणि नाक हळूच हललं.

पॅट्सी खिदळला. "मेलाय की झोपलाय हा? मरायचं कामसुद्धा धड जमेना!"

"माझा भाऊ आहे तो," मी म्हटलं. "शूटिंग झालं त्याच वर्षी थंडीच्या तोंडाला समुद्राने नेला. सापडलाच नाही. मग घरी कुणाला निजवायचं, आणि कुणाजवळ बसायचं?"

पॅट्सीने टोपी काढली. मयताच्या घरी घेतात तसा माझा हात हातात घेतला. "वाईट झालं गं, ब्रीज."

मागची बाई उठली. "वाईट झालं हो." मग तिच्या शेजारचा. त्या अंधारात रांगच लागली, नोरा. पडद्यावर शेजारीपाजारी आईचा हात धरत होते, इथे माझा. कुठला हात तिथला, कुठला इथला, मला कळेनासं झालं.

आई लावायची नाही, म्हणून तूही दाराला कडी लावत नाहीस. कोलम आला तर दार बंद नको. मी तुला कधी टोकलं नाही. इतक्या लांबून मीही त्याच दाराकडे कान लावून बसलेली.

पण काल तो निजलेला होता गं. मेणबत्त्या होत्या, आई उशाशी होती, शेजारी येऊन गेले. काही म्हणता काही राहिलं नाही.

शीलाकडे जा, बाळा. निघताना कडी लाव.

कोलमला पोचवून आलेली,
तुझी ब्रीज