दिवस मावळायच्या आत

भाईसा,

लष्करात अधिकारी व्हायच्या मुलाखतीला भोपाळला निघाले. माँसांना प्यायचं पाणी उकळून, गाळून पितळी कळशीत ठेवलंय.

काल सराव घेताना तुम्ही म्हणालात, "चंदन, सूर्यास्तानंतर जेवत नाहीस हे तिथं बोलू नकोस. मुंगीला वाट देणारी बाई बंदूक काय धरणार, म्हणून हसतील." मी मान डोलावली, पण ती लपवाछपवी मला पटेना. पर्युषणात आठ दिवस नुसत्या पाण्यावर राहून मी रोज मैदानाला फेऱ्या मारल्या, तेव्हा घड्याळ तुमच्याच हातात होतं. त्यांनी विचारलं तर मी खरं सांगणार. खुर्चीसाठी नेम मोडणारीच्या मागे जवान कशाला येतील?

नाकारलं तर शनिवारी दिवस मावळायच्या आत पोहोचेन. ताट वाढून ठेवा, समजूत मात्र घालू नका.

चंदन