थांब म्हटलं की थांबायचं

२८ सप्टेंबर, रविवार

पहाटे निघालो, उन्हं तापायच्या आत. आमचं ॲरिझोनातलं चँडलर मागे पडलं, मग कच्चा रस्ता, मग नुसतं वाळवंट. संदीप, मंदार आणि मी. (यापुढे सं. आणि मं. लिहिणार, हात दुखतो.) सं.ची पॉइंट फिफ्टी रायफल म्हणजे म्हैस आहे. गाडीतून उतरवताना दर वेळी कुणाचीतरी पाठ धरते. नावच पडलंय म्हैस. एक मैलावर टेकडीच्या पोटाशी लोखंडी प्लेट टांगलेली. नुसत्या डोळ्याने दिसतसुद्धा नाही.

सं. झोपून नेम धरतो, मी शेजारी दुर्बिणीला डोळा लावून वारा सांगते, कुठून आणि ताशी किती मैल. गवत कुठे झुकतंय, उन्हाच्या लाटा कुठे वाहतायत. आज म्हटलं, "डावीकडून, सात. दम धर... दम धर... मार!" मारली. धूळ, छातीत धक्का, आणि मग काहीच नाही. गोळीला पोचायलाच वेळ लागतो. आणि मग हलली प्लेट! टणत्कार तर त्यानंतर कधीतरी आला. तिघं येड्यासारखे नाचलो. मला हे आवडतं, उगाच खोटं कशाला लिहू. नागपुरात आईला वाटतं मी रविवारी हायकिंगला जाते.

संध्याकाळी मं.ने ग्रुपवर व्हिडिओ टाकला. ढोल-ताशा लावून. माझा आवाज साफ कापलेला! वर लिहिलंय, "एक मैल, एक गोळी, एकच वाघ." अरे, वाघाला वारा कोणी सांगितला? फोन केला तर म्हणतो, "यार प्रज्ञा, म्युझिक बसत नव्हतं."

असो. पुढच्या रविवारी मैलाची पहिली गोळी माझी, सं. स्वतः म्हणाला. दोन वर्षं दुर्बिणीमागे बसून काढली, आता मी मारणार. आणि एक सांगायचं तर मी या लोकांबरोबर जाते ते आमच्या नियमासाठी. कुणीही "थांब" म्हटलं की थांबायचं. का, कशाला, विचारायचं नाही, ट्रिगरवरून बोट काढायचं. नियम सं.नेच केलाय. ऑफिसात माझं "थांब" ऐकायला तीन मीटिंगा लागतात.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

सं.कडे शस्त्रपूजा. त्याची आई आलीय पुण्याहून, सहा महिन्यांसाठी. देवघराशेजारी म्हैस भिंतीला टेकवून उभी. पायाशी लॅपटॉप, ड्रिल मशीन, गाड्यांच्या किल्ल्या, काकूंची विळी. (विळी बॅगेतून आणली पुण्याहून. धन्य.) काकूंनी सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं. म्हशीला हार, आणि नळीच्या तोंडात झेंडूचं टपोरं फूल खोचलं. छान दिसत होती हो, खरंच. सगळ्यांनी फोटो काढले, मीपण काढला.

काकू: "आडनाव काय म्हणालीस?"
"मेश्राम."
"अच्छा... नागपूरचे."

मधला तो श्वास. शाळेपासून ओळखते मी तो. ॲरिझोनातही तसाच येतो. पण बाई वाईट नाही. पुरीबरोबर श्रीखंड दुसऱ्यांदा वाढलं, न विचारता, आणि "किती वाळलीयेस" म्हणाली.

निघताना सं.ला म्हटलं, रविवारच्या आधी नळी साफ कर रे. "हो गं, बॉस."

२ ऑक्टोबर, गुरुवार

सुट्टी टाकली. पांढरी साडी. कम्युनिटी हॉलमध्ये वंदना, मग जेवण. धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि बाहेर पार्किंगमध्ये फॅरनहाइटमध्ये शंभरी पार केलेलं ऊन. दीक्षाभूमीची गर्दी आठवली, तिथल्या रांगेत चेंगरायचीही आठवण आली. सुहासने स्टेजवर उगाच लांब भाषण केलं, नवरा आहे म्हणून ऐकलं.

संध्याकाळी मं. सोनं घेऊन आला. आपटा इथे कुठला, त्याच्या गल्लीतल्या कांचनाची पानं. घेतली, दिली, चहा पाजला. दोन्ही सण माझे आहेत. कुणी मला त्याचा जाब विचारू नये.

५ ऑक्टोबर, रविवार

रागाने अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.

पहिली गोळी माझी होती. मॅटवर झोपायच्या आधी बोल्ट, म्हणजे मागची खीळ, काढून मागून नळीत डोकावले, सवयीने. नेहमी लख्ख गोल उजेड दिसतो. आज अर्ध्यावर खालच्या बाजूला काळपट काहीतरी. म्हटलं, "थांब." माझ्याच गोळीला!

"सं., नळी साफ केलीस?"
"तशीच आणली गं. आई म्हणाली, कुंकू लगेच पुसू नको."
"आणि फूल?"
"काढलं की गाडीत ठेवताना."
"आत काहीतरी आहे."

त्याने डोळा लावला. "उजेड दिसतोय की. तेल असेल." म्हटलं, नळी साफ करायचा रॉड आण, एकदा फिरवू. रॉड घरी! पूजेसाठी गॅरेज आवरलं त्यात कुठेतरी गेला. आत पोचेल एवढं लांब दुसरं काही नाही. मग म्हटलं, आज म्हैस राहू दे, लहान रायफल मारू. आत काही अडकलं असेल तर नळी फाटते, आणि तोंड असतं बोल्टमागे आपलंच. यात न कळण्यासारखं काय आहे?

तर मं. म्हणतो, हसत: "प्रज्ञा, खरं सांग. प्रॉब्लेम नळीचा आहे की हळदीकुंकवाचा?"

मला आधी समजलंच नाही. मग समजलं.

वाटलं सं. त्याला गप्प करेल. सं. म्हणाला, "हे बघ, तुमच्यात पूजा चालत नाही, मान्य. फुल रिस्पेक्ट. पण आईने मनापासून केलंय यार. तुला त्यात घाण काय दिसली?"

घाण! हा शब्द मी उच्चारला का? माझ्या तोंडात कुणी घातला? मी दिवसभर चिपच्या कारखान्यात क्लीनरूममध्ये डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या झग्यात धुळीच्या एकेका कणाच्या मागे असते, एका कणाने सिलिकॉनची अख्खी वेफर वाया जाते. नळीत काही दिसलं तर बोलणारच ना! म्हटलं, "अरे बाबा, कुंकू असो नाहीतर चिवराचा तुकडा, नळीत अडकला की नळी फाटते. मी परवा तुझ्या घरी पूजेला उभी होते. श्रीखंड खाल्लं. आज एकदम मी कोण झाले?"

मं. बुटाने वाळू उकरायला लागला.

"थांब म्हटलं की थांबायचं ना? नियम कुणाचा?"
सं.: "नियम सेफ्टीसाठी आहे, इमोशन्ससाठी नाही."

आणि झोपला मॅटवर. माझ्या जागी, माझी गोळी घेऊन. मी म्हटलं, मी वारा सांगणार नाही, आणि गाडीच्या मागे जाऊन उभी राहिले. मं. दात काढत होता, पण माझ्या पाठोपाठ तोही गाडीमागे आला. हेही लिहून ठेवते.

धडाम. काही झालं नाही. सं. उठला, दोन्ही हात पसरून म्हणाला, "बघ. जिवंत आहे."

गोळी प्लेटच्या आसपासही गेली नाही, पण ते कोण बघतंय. आधी मला हायसं वाटलं, तो जिवंत म्हणून. देवाशप्पथ म्हणत नाही मी, पण तसंच. आणि लगेच इतका संताप आला की रडू यायला लागलं, आणि रडू आलं म्हणून आणखी संताप. म्हणजे नळी फाटली असती तर मी बरोबर, आणि नाही फाटली म्हणून मी जातीवरून भांडणारी? हा कुठला न्याय बाप्पा?

६ ऑक्टोबर, सोमवार

ग्रुपवर मं.: "देवीची कृपा! काही लोक उगाच घाबरले." खाली चार हसरे चेहरे. माझं नाव नाही, म्हणजे वर सभ्यपणाही यांचाच.

सुहास म्हणतो, "सोड ना यार. इथे आपली माणसं मोजकी. भांडून जायचं कुठे?" दर वेळी आम्हीच सोडायचं. सोडून सोडून हात रिकामे झाले. त्याच्यावरच ओरडले. त्या बिचाऱ्याची काय चूक. पण त्याचीही आहे थोडी.

माझी लेक आर्या डब्यात सँडविच भरता भरता, इंग्लिशमध्ये: "मॉम, डू यू इव्हन लाइक दीज पीपल?"

तिच्या डब्याचं झाकण लावून दिलं. आवडतात गं. तोच तर त्रास आहे. मागच्या वर्षी माझं ऑपरेशन झालं तेव्हा सं. आणि त्याची बायको आठवडाभर डबे आणून देत होते. असा माणूस "तुमच्यात" म्हणतो तेव्हा कुठे ठेवू मी ते?

९ ऑक्टोबर, गुरुवार

दुपारी काकूंचा फोन. मी कँटीनमध्ये, ताट तसंच राहिलं.

"प्रज्ञा, संदीपची आई बोलतेय. तुला माझ्या पूजेचा राग आला का गं? संदीप म्हणाला तसं."
म्हटलं, "नाही हो काकू. पूजेचा कशाला येईल? मला नळीत काहीतरी दिसलं होतं एवढंच."
"देठ ना?"
"कसला देठ?"
"अगं झेंडूचा. चांगला लांब ठेवला होता मी, नीट खोचला जावा म्हणून. गाडीत ठेवताना त्याने फूल ओढलं तर नुसतं फूल हातात आलं. मी म्हटलंसुद्धा, अरे देठ आतच राहिला. तर म्हणाला, काही होत नाही आई, तू आत जा."

दोनदा विचारून घेतलं. दोनदा तेच सांगितलं. मग म्हणाल्या, "त्याला बोलू नकोस हं मी सांगितलं ते. चिडतो. मला अजून पाच महिने काढायचेत त्याच्याकडे."

म्हणजे माहीत होतं. मी "थांब" म्हटलं तेव्हा माहीत होतं, डोळा लावून "तेल असेल" म्हणाला तेव्हा माहीत होतं. एवढंच म्हणायचं होतं, "हो गं, देठ राहिलाय, माझा गाढवपणा." हसलो असतो, घरी आलो असतो. ते म्हणायला जड गेलं. आणि मंदारने आयतं हातात दिलं, ते उचलायला जड नाही गेलं. स्वतःची चूक झाकायला माझी जात पुरली त्याला!

विसरला असेल का? घाईत? असेल. पण मग "फूल काढलं की" म्हणताना एक क्षण थांबला होता. मी पाहिलंय. की आता मला तसं वाटतंय?

११ ऑक्टोबर, शनिवार

सं.चा फोन. आवाज लोण्यासारखा. "उद्या येतेस ना? झालं गेलं विसर. तुझ्याशिवाय वारा कोण सांगणार? आणि पहिली गोळी तुझी, प्रॉमिस. नळी मी स्वतः घासलीय."

"का घासलीस?"
"म्हणजे?"
"काही नव्हतं ना आत."
"प्रज्ञा, यार, सुरू नको होऊस."

सुहास म्हणतो, जाऊ नकोस. आर्या म्हणते, जाऊ नकोस. मी जाणार. मी घरी बसले की "बघा, रुसली" म्हणून विषय मिटला. काकूंचं नाव घेणार नाही. पण मी विचारलं की त्याला कळणारच कुणी सांगितलं ते. म्हणजे गप्प बसावं तर मी खोटी, बोलावं तर म्हातारीला बोलणी. चांगली कोंडी केलीत काकू माझी. पण फोन केलात तुम्ही, दुसऱ्या कुणी केला नाही.

डोळ्यांनी काळपट दिसलं होतं ते मलाच दिसलं होतं. त्याच्यावरून विचारीन.

१२ ऑक्टोबर, रविवार

गेले. मं.ने थर्मासमधून चहा दिला, साखर जास्त घालून, मला लागते तशी. त्याला बहुधा ती माफी वाटत असावी.

नळी बघितली. लख्ख. मॅटवर झोपले. गोळी भरली, बोल्ट बंद. आज सं. दुर्बिणीवर, मं. मागे उभा. प्लेट काचेत थरथरत होती उन्हाने. दोन वर्षं या जागेची वाट बघितली.

सं. म्हणाला, "क्लिअर."

बोट ट्रिगरकडे जाईना. नळी मी स्वतः बघितली होती, तरी जाईना. त्याच्या "क्लिअर"वर आता काय म्हणून विश्वास ठेवू? डोळा न काढता विचारलं, "सं., गेल्या रविवारी मला नळीत काळपट दिसलं, ते काय आहे हे तुला माहीत होतं ना?"

तो दुर्बिणीतूनच म्हणाला, "डावीकडून, आठ. लवकर मार, बदलतोय."

मी बोल्ट मागे ओढला. गोळी काढून मॅटवर ठेवली, उठून बसले, आणि तेच परत विचारलं, या वेळी मंदारलाही ऐकू जाईल असं.