चहाच्या पाण्याने जुना केलेला दगड

बाबा, दुरूनच पायांवर डोकं ठेवतो.

खोली कोरडी आहे, जेवण वेळेवर मिळतं, काळजी नसावी. आईचा गुडघा कसा आहे?

किल्ल्याच्या कमानीचं काम संपत आलं. नवा दगड बसवला की कोपऱ्यात साल कोरायचं, म्हणजे बघणारा फसत नाही, हे तुम्हीच शिकवलंत. मी कोरलं. साहेबांनी ते घासून काढायला लावलं आणि दगड जुना दिसावा म्हणून वर चहाचं पाणी फासायला लावलं. खरे जुने दगड राडारोड्यात गेले.

काल गाइड माझ्याच दगडावर हात ठेवून पाहुण्यांना म्हणाला, "असे कारागीर आता उरले नाहीत." मी शेजारीच चहाची बादली धरून उभा होतो.

साहेब खूश आहेत. तिकडे कुणी विचारलं तर काम मिळालंय म्हणा. तुमच्या हाताखाली शिकलो, एवढं मात्र सांगू नका.

तुमचा धाकटा