बारवेवरची मुलं

फाल्गुन शुद्ध पंचमी, शके १८४०

पोचले एकदाची! नगरपर्यंत आगगाडी, पुढे बंकट गाडीवानाची बैलगाडी आणि वाटेत दोन मुक्काम. आष्टीच्या अलीकडे मोगलाई सुरू झाली. नाक्यावरच्या शिपायाने मोठ्या आशेने ट्रंक उघडायला लावली. आत नुसत्या पाट्या, पेन्सिली आणि गोष्टींची पुस्तकं पाहून बिचारा हिरमुसला. पुण्यात सगळ्यांनी मला वेड्यात काढलं होतं. विधवा बाईने परक्या राज्यात जायचं, तेही बिनपगारी, आणि मानमोडीच्या साथीत आईबाप गेलेल्या पोरांना शिकवायला! पण ट्रेनिंग कॉलेजातून पास होऊन घरी वाती वळत बसणं माझ्याच्याने होण्यासारखं नव्हतं.

लिंबागणेशजवळच्या माळावर ही धर्मशाळा आहे. इथले जमीनदार सुंदरराव यांनी साथीनंतर ती पोरांसाठी मोकळी करून दिली. ज्वारी त्यांची, स्वयंपाक भिवराबाईचा आणि शाळा माझी. मुलं अकरा. सगळ्यांत धाकटी सगुणा, पाचेक वर्षांची. तेवढी एकटी गेवराईकडून आलेली, बाकी सगळी इथल्याच गावची. धर्मशाळेमागे दगडी पायऱ्यांची जुनी बारव आहे, पण अवर्षणाने ठणठणीत कोरडी पडलीय. पाणी लांबच्या आडावरून आणावं लागतं.

फाल्गुन शुद्ध अष्टमी

मुलं फार गोड आहेत. मी 'का' म्हटलं की 'कावून' म्हणा, असं मलाच शिकवतात. तान्या खोडकर. रखमी मोठी, समजूतदार. तोंडी हिशेब माझ्याआधी करते.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. जेवणं झाली की सगळी उठतात आणि बारवेच्या काठावर ओळीने जाऊन बसतात. ऊन डोक्यावर, पण खेळ नाही, बोलणं नाही. आज त्यांच्याच भाषेत विचारलं, कावून बसता रे इथं? रखमी म्हणाली, "माय पानी प्याया खाली गेलीया, बाई. येईल आता."

मी आत येऊन पाट्या पुसत बसले.

फाल्गुन पौर्णिमा

भिवराबाईला खोदून विचारलं. साथीत घरोघर माणसं पडली, तोंडात पाणी घालायलाही कुणी उरलं नाही. तापाने पेटलेल्या बाया पोरांना घेऊन बारवेवर आल्या, पोरं काठावर बसवली आणि पायऱ्या उतरल्या. वर कुणीच चढली नाही. सुंदररावांची माणसं आली, तेव्हा पोरं तशीच बसलेली.

खालच्या बायांचं काय केलं, ते विचारलं. भिवराबाई चुलीकडे वळली. "वरूनच माती लोटली, बाई. उचलाया कोन व्हतं?"

त्या पोरांना काठावरून उठवणं हेच माझं काम. उद्यापासून दुपारी गोष्टी सांगायच्या.

फाल्गुन वद्य चतुर्थी

आज दुपारी दार लावून गोष्ट सांगायला बसले. मुलं छान ऐकत होती. अर्ध्यावर आले आणि तान्याचे ओठ माझ्या डोळ्यांदेखत सुकून फाटले. मग रखमीचे. मग सगळ्यांचे. अंगाला हात लावला तर चटका बसला. पाणी दिलं, तर घोट तोंडात घेऊन त्यांनी थुंकून टाकला. "ह्ये न्हाई," म्हणाली. एकट्या सगुणाला काही झालं नाही. ती पोटभर प्यायली.

शेवटी मीच दार उघडलं. काठावर बसताच ताप उतरला.

परत आली तेव्हा त्यांची तोंडं ओली होती, हनुवटीवरून पाणी गळत होतं.

फाल्गुन वद्य नवमी

तान्या नाही. मी क्षणभरच आत गेले होते. कुणी ओरडलं नाही, कुणी रडलं नाही. रखमीने सांगितलं, त्याची माय आलती, घेऊन गेली. सुरात हेवा होता.

सुंदररावांना बोलावून घेतलं. ते म्हणाले, लांडगा. सांगताना बारवेकडे पाहिलं नाही. मी पाहिलं. कोरड्या पायऱ्यांवर ओली पावलं होती, मोठी आणि शेजारी लहान. दोन्ही खाली जाणारी.

फाल्गुन वद्य द्वादशी

आणखी दोघं गेली.

मुलांना नगरला घेऊन जाते म्हणून सांगितलं. सुंदररावांनी अडवलं नाही. "जावा घेऊन," म्हणाले. "शिकलेलं मानूस आलं की थांबंल वाटलं व्हतं मला." म्हणजे त्यांना ठाऊक होतं. माझ्या आधीच ठाऊक होतं.

चैत्र शुद्ध प्रतिपदा

लोकांच्या दारी गुढ्या उभ्या आणि आम्ही पहाटेच निघालेलो. सकाळभर मुलं गाणी म्हणत होती. मला वाटलं, जिंकले.

दुपार झाली. ओठ फाटले. घागरी भरून पाणी होतं, कुणी शिवेना. रखमी माझ्या मांडीवर. "मागं न्या, बाई. लई आग हाय." मी म्हटलं, थोडी कळ काढ, सूर्य कलू दे. बंकट सांगत होता, गाडी वळवतो. मी नको म्हटलं. मीच नको म्हटलं.

ती गेल्यावर वळवली.

बंकटने तिला वाटेतच पुरलं. माळावर आम्हाला उतरवून तो थांबलाही नाही. भिवराबाईची चूल गार. धर्मशाळेत कुणी नाही.

चैत्र शुद्ध द्वितीया

पाहिल्या.

ऐन दुपारी, भर उन्हात, पायऱ्या चढून वर आल्या. केस ओले. लुगड्यांना माती. चेहरे भयंकर असते तर बरं झालं असतं — चेहरे आईचेच होते. प्रत्येक बाई आपापल्या पोरापुढे थांबली. पोरं हसत उठली. मी वाटेत आडवी गेले, दोघांचे हात धरले. हात थंडगार, ओले, निसटले—

सगळी गेली. मी आणि सगुणा उरलो.

आणि एक बाई. रखमीची जागा रिकामी होती तिथे उभी. रिकाम्या जागेकडे बघत होती. मग माझ्याकडे.

तृतीया

निघायचं होतं. पाय उचलत नाहीत. अंगात आग. ओठ—

आडाचं पाणी तोंडात घेतलं. थुंकले. हे नाही.

ती काठावर बसून आहे. हलत नाही. काही मागत नाही.

सगुणाला म्हटलं, रस्त्याने नीट जा, गाडी दिसली की हाक मार. जात नाही. म्हणते, बाई, तुमाला ताप हाय. खालून गार पानी आनते.

नको म्हटलं. आवाज फुटत नाही—

ओंजळ धरून चालली आहे. ती बाई उठली. हात पुढे केला. सगुणा तिला काकी म्हण—

सगुणा मागे फिर पहिल्या पायरीवरच—